दाखले कमी पडायलेत

जाहीर निवेदन.

हिंगोली जिल्ह्यातल्या तमाम नागरिकांना, आणि त्यातही अंगणात हळद वाळत घालून आभाळाकडे पाठ करून झोपणाऱ्यांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की आपल्यात एक वातावरणशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी एकूण अकरा शोधनिबंध आणि एक शुद्धिपत्र प्रसिद्ध केले. जगातल्या विद्वानांनी त्यांच्या या कार्याची चार वेळा दखल घेतली. त्यातल्या दोन वेळा ती त्यांनी स्वतःच घेतली होती. सदर बाब प्रस्तुत निवेदकाने जागतिक पातळीवर, म्हणजे वसमतच्या एसटी स्टँडसमोरच्या आपल्या इंटरनेट कॅफेत, जातीने पडताळून पाहिली आहे. याची सर्वांनी नोंद घ्यावी.

निवेदन संपलं. आता जरा सैलावून बसा.

या माणसाला काहीही सांगा, तो डोळे बारीक करून एकच विचारणार, "किती वाजता?" पाऊस पडला म्हणा, किती वाजता. गल्लीत भांडण झालं म्हणा, किती वाजता. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. सर पेढा तोंडात टाकायच्या आधी म्हणाले, "अरे वा! किती वाजता?" माझी आई सोबत होती. तिला वाटलं, सर पत्रिका मांडतात. तिनं घाईघाईनं वेळ सांगितली. सरांनी खिशातली वही काढली, दोन पानं उलटली आणि समाधानानं मान हलवली. "बराबर. तेव्हाच वारा पडला होता." हे शुभ की अशुभ, असं आई पुढे महिनाभर गावाला विचारत होती.

नाव सांगत नाही. सगळे त्यांना 'गारांचे सर' म्हणायचे, तेवढं पुरे. मूळचे जवळा बाजारचे, आमच्या वसमतच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मी तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवत होतो: सहा मशीन, तीन चांगली. एके दिवशी दुपारी सर आले आणि माझ्यापुढे अठरा पानं ठेवली. बारीक इंग्रजी अक्षर, मध्येमध्ये आकडे.

"तीन प्रती. कार्बन नवा घाला."

आता, गारेला इंग्रजीत हेल म्हणतात. नरकालाही, निदान आमच्या कानाला, तसंच काहीतरी म्हणतात. मी अठराच्या अठरा पानं नरकाचं स्पेलिंग ठोकलं. सरांनी पहिल्या पानावरचं शीर्षक वाचलं. 'मराठवाड्यावरील नरकवृष्टी: एक अभ्यास' असा त्याचा अर्थ होत होता. मी मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली. सरांनी पुढचं पान उलटलं.

"अर्थ बराबर आहे," ते म्हणाले. "फक्त स्पेलिंग सुधरा."

त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो. पुढची सगळी शास्त्रं माझ्या दहा बोटांखालून गेली आहेत. कळलं काहीच नाही, पण एकही पान माझ्या हाताखालून चुकलं नाही. म्हणजे, एक सोडून. ते पुढे येईल.

तुम्ही म्हणाल, गारांवर अकरा निबंध लिहिण्यासारखं काय असतं? गार पडते, नुकसान होतं, पेपरात फोटो येतो, संपलं. सरांचं म्हणणं असं की आपल्याकडच्या गारांबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. कुठल्या बाजूनं येतात, किती वेळ पडतात, केवढ्या असतात. "सरकार नुकसान मोजतं," ते म्हणायचे. "गार कोण मोजून राहिलंय?"

आणि हे सगळं मोजताना त्यांना आजूबाजूचं भान राहत नसे. एकदा मंगल कार्यालयाच्या मैदानात लग्न होतं. चैत्रातली दुपार. अक्षता पडायला आणि वावटळ यायला एकच गाठ पडली. मांडव उडाला. पंगतीतली माणसं पानं सोडून पळाली, आचारी बुंदीच्या परातीवर आडवा झाला, नवरीचा मामा खांब धरून ओरडत होता. या सगळ्यात सर आडव्या पडलेल्या खांबांमधून होकायंत्र घेऊन फिरत होते.

"मामा, हा खांब आधी पडला का तो?"

मामा आपल्या खांबाला आणखी घट्ट बिलगला.

"आधी कुठला पडला ते सांगा. लई महत्त्वाचं हाय."

"तुमाला आधी पाडू का?" मामा म्हणाला. मी सरांना दंडाला धरून बाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर त्यांनी अगदी खुशीत सांगितलं, "ईशान्येला पडलेत. सगळे. एकसुद्धा फितूर न्हाई."

गार मोजण्याची त्यांची रीत मात्र अशी होती की ऐकून तुम्हालाही सलाम करावासा वाटेल. गार हातात घेईपर्यंत वितळते. सुरुवातीला त्यांनी लोकांना थर्मास वाटले होते; त्यात पाणी यायचं आणि लोक थर्मास परत करायचे नाहीत. मग त्यांनी कुंभाराच्या मातीची ताटं काढली. पत्र्याची उथळ चौकट, त्यात मऊ ओली माती थापलेली. ती छपरावर ठेवायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. आभाळ भरलं की फडकं काढायचं. गार पडली की मातीत खळगा उठतो. मग गार वितळो नाहीतर वाफ होऊन जावो, तिचं माप मातीत राहिलं.

चौकटी करायचे रज्जाकभाई. कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान: डबे, चाळण्या, कोठ्या, पन्हाळी. "मास्टरसाब, इसमें रोटी सेकते क्या?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. चौथ्या वर्षी तेच गिऱ्हाइकांना सांगू लागले की गार उभी पडली तर खड्डा गोल होतो आणि तिरपी पडली तर लांबट.

ताटं गावोगावी वाळून तयार झाली की सर ती एसटीतून मांडीवर घेऊन यायचे. एका कंडक्टरशी झालेला संवाद मी स्वतः मागच्या बाकावरून ऐकला आहे.

"हे काय हाय?"

"गारा."

"कुठायत?"

"वितळल्या."

"मग हे?"

"त्यांचे ठसे."

कंडक्टरनं आवाज खाली आणला. "साहेब, पोलिसात हायेत का?"

ही ताटं ठेवायची कुठे? कॉलेजच्या गच्चीवर एक खोली होती. खिडकी मावळतीला. तिथे सरांनी फळ्या मारल्या आणि वर्षांमागून वर्षं ताटं रचली. प्रत्येकाच्या पाठीवर गाव, तारीख आणि अर्थातच वेळ. जिल्हा परभणीचा हिंगोली झाला तेव्हा त्यांनी एक दिवस बसून साऱ्या चिठ्ठ्यांवर जिल्हा बदलला. "गारांना सांगायची गरज न्हाई," म्हणाले, "पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

त्या खोलीची खरी मालकीण मात्र सोनाबाई. जवळा बाजारच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक तांडा आहे, तिथल्या. पन्नाशीच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण सरांच्या सगळ्या निरीक्षकांत नजर त्यांची पक्की. ताटाव्यतिरिक्त तोंडी माप सांगायचीही पद्धत होती: ज्वारीएवढी, हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. सर ते मिलिमीटरमध्ये मांडायचे. मी एकदा सरांबरोबर तांड्यावर गेलो होतो तेव्हाचं हे.

"सुपारीएवढी व्हती मास्तर."

"अख्खी का फोडलेली?"

"फोडलेली गार कधी पडली का?" सोनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आन् हे पोरांना शिकवतेत."

सरांनी मुकाट्यानं 'अख्खी' लिहून घेतलं.

आता ते चुकलेलं पान. चौथ्या का पाचव्या निबंधात सरांच्या कोष्टकातली 'बोरा'ची ओळ सोडून माझी नजर 'लिंबा'च्या ओळीवर घसरली आणि मी तिथला आकडा ठोकला. निबंध छापून आला. सरांनी प्रथेप्रमाणे त्याच्या प्रती ताटं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला नेऊन दिल्या. त्यांच्या मते ज्यानं माप घेतलं त्याच्या घरी शास्त्र पोचलं पाहिजे, इंग्रजी कळो न कळो. रज्जाकभाईंनी आपली प्रत लॅमिनेट करून दुकानात टांगली. सोनाबाईंनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली, पण आधी सरांकडून ओळ न् ओळ मराठीत वदवून घेतली.

"थांबा. लिंबू? माझ्या छपरावर लिंबू कवा पडलं?"

"त्या दिवशीची गार, सोनाबाई."

"बोर व्हतं. गावरान बोर. लिंबू पडलं असतं तर छप्पर ऱ्हायलं असतं का?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, कोण बघतंय. सरांनी परत येऊन माझ्याकडून पत्र टाइप करून घेतलं, नियतकालिकाच्या संपादकाला: अमुक पान, अमुक ओळ, आकडा चुकला आहे, दुरुस्त करावा, चूक निरीक्षकाच्या लक्षात आली, तिचं नाव सोनाबाई. सहा-सात महिन्यांनी चार ओळींचं शुद्धिपत्र छापून आलं. अकरा निबंधांपेक्षा त्यांना त्या चार ओळींचा अभिमान जास्त होता. पाहुणा आला की आधी ते दाखवायचे.

आणि मापून मापून शेवटी हाताला काय लागलं, तर एक साधी गोष्ट. मावळतीला ढग उंच चढतो आणि त्याचं डोकं लोहाराच्या ऐरणीसारखं सपाट पसरतं. ते पसरल्यापासून गार पडेपर्यंत आपल्या भागात साधारण पाऊण तास मिळतो. बस. सर गावोगाव तेवढंच सांगत फिरले. "ऐरण धरली की हळद झाका." शिजवलेली हळद एकदा भिजली की रंग जातो, आणि रंग गेला की बाजारात तिच्याकडे कुणी बघत नाही. हे तुम्हाला मी काय सांगू.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग दोन हजार सालानंतर जग बदललं. माझी मशीन भंगारात गेली, इन्स्टिट्यूटचा कॅफे झाला आणि कॉलेजात गुणवत्ता तपासायला समित्या येऊ लागल्या. आमचे प्राचार्य भला माणूस. मराठीचे प्राध्यापक, बोलताना एक इंग्रजी शब्द येऊ देणार नाहीत. त्यांना संगणक कक्षासाठी खोली हवी होती आणि मोकळी करता येण्याजोगी खोली एकच होती. गच्चीवरची. त्यांनी सरांना बोलावलं. मी बिलावर सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"मातीची ताटं ठेवायला आख्खी खोली, हे मी समितीला कसं समजावू? ते तुमच्या संशोधनाचा प्रभाव विचारणार. तुमच्या निबंधांचे दाखले किती?"

"दाखले?"

"म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात तुमचा दाखला किती वेळा दिला. दाखले भरपूर असले तर खोली तुमची. नसले तर उन्हाळ्यानंतर ताटं हलवावी लागतील."

"कुठं?"

प्राचार्यांनी माझं बिल पुढे ओढून त्यावर सही केली. मातीची ती शेकडो ताटं हलवणं म्हणजे फोडणं, हे दोघांनाही माहीत होतं.

सर सरळ माझ्या कॅफेत आले. तासभर शोधलं. तीन सापडले. पहिले दोन सरांनीच नंतरच्या निबंधांत दिलेले. त्यातल्या एकात तर त्यांनी स्वतःलाच खोडून काढलं होतं. तिसरा अर्जेंटिनाच्या कुण्या बाईंचा. तिकडेही गारा फार पडतात म्हणे. त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं की असाच प्रयत्न भारतात मातीच्या ताटांनी झाला आहे. सरांनी ती ओळ चारदा वाचली. "बघा," ते म्हणाले, "तिथवर गेली आपली माती." आणि मग एकदम उतरलेल्या आवाजात म्हणाले, "पण एकच की हो."

तिथून आम्ही रज्जाकभाईंच्या दुकानावर चहाला गेलो. आता इथे नीट लक्ष द्या, कारण घोळ इथे झाला.

"मास्टरसाब, चेहरा काहून उतरला?"

"दाखले कमी पडायलेत, रज्जाकभाई. खोली जाती आता."

"कित्ते है?"

"तीन. त्यातले दोन माझेच."

"वो कैसे चलेंगे? अपना दाखला अपनेच देता क्या कोई?"

"तेच म्हणतात ते. दुसऱ्यांनी दिलेले पाहिजेत."

"कौन से गाव के होना?"

"कुठले बी चालतात." सरांचं लक्ष बशीतल्या चहात होतं. "बाहेरदेशाचे असले तर उत्तमच."

रज्जाकभाईंनी हातोडी खाली ठेवली आणि गंभीरपणे मान हलवली. वाचकहो, त्यांना काय वाटलं ते माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. आपल्याकडे दाखला म्हटलं की एकच डोळ्यापुढे येतं: ग्रामपंचायतीचं कार्यालय, छापील फॉर्म, गोल शिक्का. मी सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो. कबूल करतो, मला गंमत वाटली. एखाददुसरा कागद येईल, आपण हसू, असं वाटलं. बुधवारच्या बाजारात रज्जाकभाईंनी सोनाबाईंना गाठलं आहे, हे मला माहीत नव्हतं.

समिती एप्रिलात आली. तिघे जण. अध्यक्ष नेमके वातावरणशास्त्रातले, मोठे नाव, शहरातल्या मोठ्या संस्थेत आयुष्य गेलेलं. पांढरी शर्टपँट, खिशाला दोन पेनं. सरांना तीन वाजताची वेळ होती. गच्चीवरच्या खोलीत टेबलावर पांढरा कपडा टाकला होता. मला इंटरनेटवरचे कागद छापून आणायला सांगितलं होतं. तीनच कागद, पण मी फाइल मोठी आणली होती.

पावणेतीनला सर खिडकीशी गेले. मी त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. मावळतीला ढग उभा होता. डोकं सपाट व्हायला लागलं होतं.

"सर, नाही."

"ऐरण धरून राहिलीय."

"सर, समिती जिना चढतेय."

"जवळ्याच्या अंगाला पडणार. मी नुसता जाऊन येतो."

"अहो, आज खोली जाईल!"

"खोली कुठं चाललीय?" सर मोपेडची किल्ली शोधत म्हणाले. "ढग चाललाय!"

आणि गेले. मागच्या जिन्यानं. पुढच्या जिन्यानं समिती आत आली. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं.

"संशोधक कुठे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नाही. जिन्यावर आवाज झाला आणि दारात सोनाबाई उभ्या राहिल्या. आरसे लावलेल्या घेराची नवी फेटिया, हातात बांगड्यांची गर्दी. मागे रज्जाकभाई, इस्त्रीच्या कुर्त्यात, छातीशी कापडी पिशवी धरून.

"मोठे सायेब कोण?" सोनाबाईंनी विचारलं. अध्यक्षांनी हात जरासा वर केला. रज्जाकभाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली.

"दाखले," सोनाबाई म्हणाल्या. "मास्तरला कमी पडायलेत असं कळलं. एकोणतीस हायेत. मोजून घ्या."

"इसमें मास्टरसाब का खुद का एक बी नै," रज्जाकभाईंनी तातडीनं खुलासा केला. "बाहर मुलुक का नै मिला. मगर एक पुसद का है. वऱ्हाड. चलता क्या?"

प्राचार्यांनी डोळे मिटले. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. सहज पाहिलेल्या गमतीपायी त्या माणसाची आयुष्यभराची माती मी फोडायला घातली, असं मला खरोखर वाटलं.

अध्यक्षांनी वरचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचू लागले. "दाखला देण्यात येतो की, सदर इसम हे आमच्या गावचे रहिवासी नसून, गार पडली की येथे हजर असतात. त्यांची वर्तणूक चांगली आहे." दुसरा उचलला. ग्रामसेवकाकडे बहुधा तोच फॉर्म शिल्लक असावा. "सदर इसम आज रोजी हयात असल्याची खात्री केली आहे." तिसरा सर भूमिहीन असल्याचा होता. समितीतल्या एका सदस्यानं रुमाल तोंडाशी धरला. अध्यक्षही हसले, अगदी खांदे हलेपर्यंत.

मग त्यांच्या हाती वहीचा एक फाडलेला कागद आला. तांड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींचं अक्षर, खाली अंगठे. तो त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे सरकवला. त्यात लिहिलं होतं: 'सरांनी सांगितल्यापासून मावळतीला ढगाने ऐरण धरली की आम्ही पाऊण तासाच्या आत हळद झाकतो व जनावरे आत घेतो. आधी आम्ही म्हणायचो, जाईल. मागील चार साल तांड्याची हळद भिजली नाही. सरांचा हिशोब आमच्याकडे खरा ठरला आहे, म्हणून हा दाखला दिला.'

अध्यक्ष उठले. फळीपाशी गेले, एक ताट उचललं. एका खळग्यात त्यांनी बोट घातलं.

"ही केवढी?"

"बोराएवढी," सोनाबाई म्हणाल्या. "ती शेजारची सुपारीएवढी. तिरपी आली, म्हणून लांब दिसती. सायेब, मास्तर म्हणत व्हते तुमी बी गारांवरच लिवता."

"हो. तीस वर्षं."

"मग तुमच्या छपरावर केवढी पडली?"

अध्यक्षांनी ताट हळूच जागेवर ठेवलं. "मी लहानपणी एकदा पाहिली होती. आजोळी. नंतर सगळं आकड्यांवरच केलं."

"अगं माय," सोनाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, नुसता कळवळा होता.

पुढचं इथेच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य मला दुसऱ्याच कुणाला द्यायचं आहे. खोली राहिली. संगणक कक्ष तळमजल्यावर झाला. समितीच्या अहवालात दाखल्यांच्या रकान्यापुढे काय लिहिलं गेलं, ते प्राचार्यांनी कुणाला दाखवलं नाही, पण ते स्वतः मात्र त्यानंतर पाहुण्यांना आधी गच्चीवर नेऊ लागले. पुढे त्या अध्यक्षांच्या एका निबंधात मला आमच्या सरांचा दाखला सापडला, विद्वानांच्या अर्थानं, मी तो छापून रज्जाकभाईंना दिला आणि त्यांनी विचारलं, "शिक्का कां है इसपे?" सर निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर फार वर्षं राहिले नाहीत. त्यांच्या जाण्याच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

तर, ती दुपार.

खोलीत अंधारून आलं होतं. अध्यक्ष खिडकीशी गेले. ढगाचं डोकं आता अर्ध्या आभाळावर पसरलं होतं आणि पोटाखाली हिरवट काळोखी उतरली होती. लांबवर, जवळ्याच्या रस्त्यावर, धुळीत एक मोपेड त्या ढगाच्या दिशेनं चालली होती; चालवणाऱ्याचा शर्ट पाठीमागे फुग्यासारखा फुगला होता.

"तो कोण वेडा?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेच तर मास्तर," सोनाबाई म्हणाल्या. "गारेकडं चाललेत."

"पाऊण तास मिळतो असं दाखल्यात लिहिलंय ना?"

"ऐरण धरल्यापासून. आता अर्धाच उरला."

प्राचार्य अदबीनं पुढे झाले. "महोदय, यानंतर ग्रंथालयाची पाहणी आहे. तिथे सरबताची व्यवस्था केली आहे, ग्रंथपाल वाट पाहत..."

अध्यक्षांनी टेबलावरची टोपी उचलली, दोन पायऱ्या एकदम उतरले आणि त्या पांढऱ्याशुभ्र, शेकडो दाखलेवाल्या, मितभाषी माणसाच्या तोंडून आख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल असं निघून गेलं:

"खड्ड्यात गेलं तुमचं ग्रंथालय, गाडी काढा!"